पॉकेट किती इंचांचं, हा अर्धाच प्रश्न

पूलच्या टेबलवर कुशनला, म्हणजे कडेच्या रबरी काठाला, चिकटून उभा असलेला बॉल. तुम्ही तो कडेकडेने कोपऱ्याकडे पाठवता. एका टेबलवर तो मुकाट्याने आत उतरतो. दुसऱ्या टेबलवर अगदी तसाच मारलेला बॉल पॉकेटच्या तोंडाशी डावीकडे-उजवीकडे खडखडतो आणि तिथेच उभा राहतो, समोरच्याला आयता. आपण "आज हात बसत नाहीये" असं पुटपुटत खुर्चीत जाऊन बसतो.

माझीही बरीच वर्षं हीच समजूत होती. मग एकदा अशाच दोन टेबलांची पॉकेटं फूटपट्टीने मोजली. दोन्हीकडे तोंड साडेचार इंच भरलं, केसाचाही फरक नाही. म्हणजे गडबड तोंडात नव्हती, तोंडाच्या आत होती. पॉकेट म्हटलं की आपण भोकाचा विचार करतो. प्रत्यक्षात बॉलला आधी भेटतं ते एक छोटं नरसाळं. त्याच्या भिंती किती तिरक्या, त्या किती कडक, भोक तोंडापासून किती मागे, यावर बॉलचं नशीब ठरतं.

पण सुरुवात तोंडापासूनच करू, कारण वाद सगळे त्यावरच होतात.

साडेचार इंच म्हणजे नेमके कुठले

कुशन सरळ चालत येतं आणि पॉकेटजवळ एकदम आत वळतं. वळण्याच्या त्या जागेला टोक म्हणू. या बाजूच्या टोकापासून त्या बाजूच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे पॉकेटचं तोंड. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांत कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड ४.५ ते ४.६२५ इंच आणि मधल्या पॉकेटचं ५ ते ५.१२५ इंच सांगितलं आहे. हौशी खेळासाठीच्या टेबलांवर कोपरे ५ इंचांच्या आसपास सहज सापडतात. उलट काही मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत ते ४ इंचांपर्यंत आवळलेले असतात.

पूलचा बॉल सव्वादोन इंचांचा, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा. म्हणून फूटपट्टी नसली तरी चालतं. तोंडात दोन बॉल शेजारी शेजारी ठेवा. ते अगदी बेताने बसले तर पॉकेट साडेचार इंचांचं. मध्ये बोट घालण्याइतकी जागा उरली तर ते पाचाच्या आसपास. दोन बॉल बसतच नसतील तर समजा, की आज घाम निघणार आहे.

पाच इंचांवरून साडेचारवर आलो म्हणजे पॉकेट दहा टक्के लहान झालं, असं वाटतं. खेळाच्या हिशेबाने ते तसं नाही. बॉलची स्वतःची जागा त्यातून वजा करावी लागते. भिंतीला न शिवता आत जायचं तर बॉलच्या मध्यबिंदूला ५ इंचांच्या पॉकेटमध्ये पावणेतीन इंचांची मोकळीक मिळते, साडेचारच्या पॉकेटमध्ये सव्वादोन इंचांची आणि ४ इंचांच्या पॉकेटमध्ये पावणेदोन इंचांची. साडेचारवरून चारवर येताना तोंड ११ टक्के घटतं, पण चुकीला असलेली सूट २२ टक्के घटते. "अर्ध्या इंचाने काय होतंय?" असं म्हणणाऱ्याला हे गणित ऐकवावं.

ही सूट टेबलच्या दुसऱ्या टोकाला किती उरते बघा. बॉल पॉकेटपासून ८ फुटांवर, पॉकेट साडेचार इंचांचं. बॉलची दिशा दोन्ही बाजूंना जेमतेम पाऊण अंशाच्याही आत राहायला हवी. त्यासाठी पांढऱ्या, म्हणजे काठीने मारायच्या, बॉलने त्याला ज्या जागी गाठायचं, त्या जागेत दोन्हीकडे अंदाजे ०.६७ मिलिमीटरच चूक खपते. ४ इंचांच्या पॉकेटला ती अर्ध्या मिलिमीटरवर येते. लांबचा शॉट चुकल्यावर स्वतःवर फार चिडू नये, हे मी या आकड्यांवरून शिकलो.

नरसाळ्याच्या भिंती

आता तोंडाच्या आत शिरू. टोकापासून भोकापर्यंत जाणाऱ्या, कापड चढवलेल्या दोन भिंती असतात. नियमांप्रमाणे कोपऱ्यात कुशनची सरळ रेघ आणि ही भिंत यांच्यात १४२ अंशांचा कोन असतो, एखादा अंश इकडेतिकडे. हा आकडा कोरडा वाटतो, पण अख्ख्या पॉकेटचा स्वभाव त्यात आहे.

हा कोन १३५ अंश असता तर समोरासमोरच्या दोन्ही भिंती एकमेकींना समांतर राहिल्या असत्या, बोळासारख्या. १४२ अंश केल्यामुळे प्रत्येक भिंत ७ अंश आत कलते. म्हणजे तोंड रुंद, घसा अरुंद. घसा म्हणजे भिंती संपतात तिथली रुंदी.

समांतर बोळात बॉल भिंतीला धडकला तर तो जितका तिरका आला तितकाच तिरका पुढे जातो, मागे फिरत नाही. निमुळत्या नरसाळ्यात मात्र प्रत्येक धडकेला तो थोडा जास्त आडवा होतो. भिंत ७ अंश कललेली असेल तर दर धडकेला १४ अंश. अगदी नाकासमोर आलेल्या बॉलला याचं काही वाटत नाही. कुशनच्या कडेने येणारा बॉल मात्र मुळातच पॉकेटच्या मध्यरेषेशी ४५ अंशांत असतो. पहिल्या धडकेनंतर तो ५९ अंशांवर जातो, मग ७३, मग ८७. चौथ्या धडकेला तो १०१ अंशांवर असतो, म्हणजे त्याचं तोंड बाहेरच्या दिशेला झालेलं असतं. आपण ऐकतो ती खडखड हीच.

अर्थात हे आरशावरच्या प्रकाशाचं गणित झालं. रबर आरशासारखं वागत नाही, ते प्रत्येक धडकेत थोडा वेग खातं. शिवाय बॉल गोल गोल फिरत पुढे येत असतो आणि धडकेनंतरही ते फिरणं त्याला पुढे, आतल्या बाजूला ओढतं. म्हणून कडेचा शॉट सावकाश मारला तर बॉल पलीकडच्या भिंतीला टेकतो, दमतो आणि पडतो. तोच ठासून मारला तर भिंतीवरून भिंतीवर उडायला त्याच्याकडे भरपूर वेग उरतो. जुने खेळाडू "कडेने मारताना हळू" असं सांगत आले आहेत. त्यात संयमाची शिकवण वगैरे काही नाही, निव्वळ भूमिती आहे.

आणि आता उलट विचार करा. कारागिराने कोन १४२ ऐवजी १४५ ठेवला. तीनच अंश, नजरेला कळणारही नाहीत. पण भिंत आता १० अंश कलली आणि दर धडकेला बॉल २० अंश आडवा होऊ लागला. तोंड तेच साडेचार इंच. कडेचे शॉट मात्र बाहेर थुंकायला लागतात. मी मोजलेल्या दोन टेबलांमधला एक फरक हाच होता. दुसरा फरक आणखी गमतीचा.

उंबरठा

टेबलच्या कापडाखाली स्लेटची लादी असते. ती पॉकेटपाशी गोलाईत कापलेली असते. तोंडाच्या रेषेपासून ही लादी जिथे संपते तिथपर्यंतची सपाट जागा म्हणजे शेल्फ. मी त्याला उंबरठा म्हणतो, कारण बॉलचं काम तेच असतं: तोंडात शिरला म्हणजे घरात आला असं नाही, उंबरठा ओलांडायला हवा. बॉल टेबलाला एकाच बिंदूत टेकतो आणि तो बिंदू लादीच्या कडेपलीकडे गेल्याशिवाय बॉल पडत नाही.

नियमांत कोपऱ्यासाठी हा उंबरठा १ ते सव्वादोन इंच चालतो. केवढी मोठी सूट आहे ही! एका टेबलवर उंबरठा दुसऱ्याच्या दुप्पट असूनही दोन्ही टेबलं नियमात बसतात. उंबरठा आखूड असेल तर बॉलची एक-दोन धडकांतच विकेट पडते. तो आडवा व्हायच्या आधीच पायाखालची जमीन संपलेली असते. उंबरठा लांब असेल तर बॉलला भिंतींशी भांडायला वेळ मिळतो, आणि या भांडणात हरतो तो खेळाडू. वर तो बॉल उंबरठ्यावरच थांबला तर पॉकेट अडवून बसतो. त्याला पाडायला आता कुणीही चालतं, बहुधा समोरचाच.

म्हणून एखाद्याने "आमच्या टेबलची पॉकेटं सव्वाचार इंचांची आहेत" असं अभिमानाने सांगितलं, तर मी आधी त्याचा उंबरठा बघतो. सव्वाचार इंच तोंड आणि आखूड उंबरठा हे टेबल, साडेचार इंच तोंड आणि खोल उंबरठा असलेल्या टेबलपेक्षा सोपं निघू शकतं. नाण्यावर चालणाऱ्या ७ फुटी टेबलांवर सराव केलेले खेळाडू मोठ्या स्पर्धेच्या टेबलवर गोंधळतात, त्यात टेबलच्या लांबीइतकाच या उंबरठ्याचाही हात असतो.

भिंतींना आणखी एक कल असतो, उभा. त्या वरून थोड्या पुढे आणि खालून मागे असतात, १२ ते १५ अंशांनी. त्यामुळे धडकलेल्या बॉलवर किंचित खालच्या दिशेने दाब येतो आणि तो उसळत नाही. याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही. नीट असेल तर हा कल कुणाच्या लक्षातही येत नाही.

मधलं पॉकेट

मधलं पॉकेट कोपऱ्यापेक्षा अर्धा इंच जास्त रुंद असतं. तरी अनुभवी खेळाडू त्याच्यापासून चार हात लांब राहतात, आणि नवखे मात्र रुंद म्हणून त्याच्यावर तुटून पडतात.

मधलं पॉकेट म्हणजे सरळ कुशनमध्ये पाडलेली खिडकीसारखी फट आहे. खिडकीसमोर उभं राहिलं की ती पूर्ण दिसते, बाजूला सरकत गेलं की चिंचोळी होत जाते. ५ इंचांचं तोंड समोरून ५ इंच दिसतं. ३० अंश तिरकं गेलं की ४.३ इंच, ४५ अंशांवर साडेतीन. ६० अंशांवर अडीच इंच, आणि आपला बॉल सव्वादोन इंचांचा! तिथून तीन-चार अंश पुढे गेलं की टोकाला न शिवता बॉल जाणं भूमितीतच बसत नाही.

कोपऱ्याचं तसं नसतं. टेबलवर बॉल कुठेही असो, कोपऱ्याच्या मध्यरेषेपासून तो ४५ अंशांपेक्षा जास्त तिरका जाऊच शकत नाही, कारण दोन्ही बाजूंना कुशन आडवं येतं. कोपरा वाईटात वाईट जागेवरूनही ३.२ इंचांच्या आसपास उघडा दिसतो.

भिंतींच्या बाबतीतही मधलं पॉकेट वेगळं आहे. तिथला कोन १०४ अंशांचा (इथे ९० ला भिंती समांतर झाल्या असत्या), म्हणजे प्रत्येक भिंत १४ अंश आत कललेली. दर धडकेला बॉल २८ अंश आडवा होतो, कोपऱ्याच्या दुप्पट. ४५ अंशांनी आलेला बॉल एका धडकेत ७३ अंशांवर, दुसऱ्या धडकेत थेट बाहेर. हे सहन होतं ते तिथला उंबरठा जवळजवळ नसल्यामुळे: नियमांत शून्य ते तीन अष्टमांश इंच. मधल्या पॉकेटमध्ये बॉल एकतर लगेच पडतो, नाहीतर टोकाला लागून टेबलच्या पार दुसऱ्या बाजूला जातो. कोपऱ्यासारखं तळ्यात-मळ्यात तिथे क्वचितच होतं.

पॉकेट आवळण्याचे धंदे

टेबल कठीण करायचं असेल तर नवं टेबल घ्यावं लागत नाही, पॉकेट आवळता येतं. प्रत्येक भिंतीवर कापडाखाली रबराची पट्टी चिकटवलेली असते. सोपा मार्ग म्हणजे जाड पट्टी लावायची किंवा एकावर एक पट्ट्या डकवायच्या. तोंड लहान होतं, पण भिंत पोचट होते, आणि तिचा कोन कारागिराच्या हातावर अवलंबून राहतो. असं पॉकेट कधी चांगला शॉट बाहेर फेकतं, कधी वाईट शॉट गिळतं. खरा उपाय म्हणजे कुशनचा लाकडी गाभाच लांबवून भिंती नव्या कोनात कापणं. ते वेळखाऊ आहे, सुतारकामाचा कस बघणारं आहे. पॉकेट कठीण असायला माझी हरकत नाही. ते लहरी नको.

कापडाचाही यात वाटा असतो. नवं कापड गुळगुळीत असतं, त्यावर बॉल भिंतीवरून घसरत आत जातो. चार महिने खेळून कापड जुनं झालं की तीच भिंत बॉलला पकडते. नव्या कापडावर पॉकेटं "मोठी झाल्यासारखी" वाटतात ती यामुळे.

गोल जबड्यांचे खेळ

आतापर्यंत बोललो ते टोकदार पॉकेटबद्दल. स्नूकरच्या टेबलवर टोकच नसतं. कुशन गोलाईत वळत वळत पॉकेटमध्ये शिरतं. पूलमध्ये कुशनला टोकाच्या जरा अलीकडे घासलेला बॉलही पुष्कळदा सरळ पुढे जाऊन पडतो. स्नूकरमध्ये गोलाई सुरू झाल्यावर बॉल घासला की गोलाई त्याला समोरच्या जबड्यावर ढकलते आणि तो नाचत बाहेर येतो. त्यात टेबल १२ फुटी, बॉल ५२.५ मिलिमीटरचा. पूल खेळणारा पहिल्यांदा स्नूकरच्या टेबलवर गेला की बॉल कुशनच्या कडेने मारायला बिचकतो, आणि ते बरोबरच आहे. व्यावसायिक स्नूकरमध्ये ही गोलाई ठरावीक साच्यांनी तपासतात. नुसता इंचांचा आकडा देऊन ती सांगताच येत नाही.

चिनी एट-बॉल, ज्याला आता हेबॉल म्हणतात, त्यात या दोन्ही जगांची मोट बांधली आहे: पूलचे सव्वादोन इंची बॉल, ९ फुटी टेबल आणि स्नूकरसारखी गोल, अरुंद पॉकेटं. मोठा बॉल आणि लहान दार, त्यामुळे तिथे बेफिकीर शॉटला माफी नाही.

आणि मग रशियन पिरॅमिड. बॉल ६८ मिलिमीटरचा, कोपऱ्याचं पॉकेट ७२ ते ७३ मिलिमीटरचं. चार-पाच मिलिमीटरची मोकळीक! मघाचाच ८ फुटांचा हिशेब इथे लावला तर मारायच्या बॉलच्या चुकीला माणसाच्या केसाच्या जाडीएवढी जागा उरते. अशा टेबलवर पूलचे नियम चालवले असते तर डाव संपलाच नसता. पिरॅमिडच्या मुक्त प्रकारात म्हणून कुठलाही बॉल मारायचा बॉल म्हणून वापरता येतो, आणि तो दुसऱ्याला लागून स्वतः पॉकेटमध्ये गेला तरी गुण मिळतो. पूलमध्ये पांढरा बॉल आत गेला की फाउल.

पांढरा बॉल कुठे जाणार

पॉकेटचा एक परिणाम प्रेक्षकाला दिसत नाही. बॉल आत गेला एवढंच त्याला दिसतं. तो पॉकेटच्या कुठल्या बाजूने गेला, हे खेळणाऱ्याला महत्त्वाचं असतं.

समजा बॉल पॉकेटपासून एक फुटावर आहे आणि पांढरा बॉल त्याच्या बरोबर मागे. तिघं एका रेषेत. सरळ मारलं तर पांढरा बॉल पुढे, मागे किंवा जागेवर, एवढेच पर्याय. पुढचा बॉल बाजूला असेल तर पंचाईत. मग खेळाडू पॉकेटच्या मध्यावर मारतच नाही, डाव्या किंवा उजव्या अंगाला मारतो. साडेचार इंचांच्या पॉकेटमध्ये एवढ्या अंतरावरून डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सुमारे ११ अंशांची मुभा असते. मध्यापासून पाच अंश बाजूला मारलं की सरळ शॉट तिरका होतो आणि पांढऱ्या बॉलला बाजूला न्यायची वाट उघडते. ४ इंचांच्या पॉकेटमध्ये ही मुभा सुमारे ८ अंश होते. आणि बॉल दोन-तीन फूट लांब गेला की संपल्यातच जमा.

त्यामुळे पॉकेट आवळलं की खेळच बदलतो. मोठ्या पॉकेटवर खेळाडू पांढऱ्या बॉलसाठी कोन ऐनवेळी तयार करू शकतो. लहान पॉकेटवर तो कोन आधीच्या शॉटला कमवून ठेवावा लागतो. शॉट सावकाश होतात, पांढरा बॉल कमी फिरवला जातो, आणि शंका आली की आक्रमण सोडून बॉल लपवून ठेवण्याकडे कल वाढतो. पॉकेट लहान केली की चांगला खेळाडू आणखी चमकतो, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धवट पटतं. एका मर्यादेपलीकडे आवळलं की तोही धाडस सोडतो, आणि टेबलच्या या टोकाहून त्या टोकाला पांढरा बॉल फिरवण्याची कला, जिच्यासाठी आपण बघायला बसतो, तीच आधी गायब होते.

अनोळखी टेबलवर गेलो की मी आता डाव सुरू होण्याआधी तीन शॉट मारून बघतो. दोन बॉल तोंडात ठेवून रुंदी, ती झालीच. मग एक बॉल कडेकडेने मध्यम वेगात कोपऱ्याकडे, आणि तसाच दुसरा जोरात. जोरातलाही गेला तर उंबरठा आखूड आहे, आज कडेचे शॉट घ्यायचे. मध्यम वेगातलाही खडखडला तर कडेचे बॉल शेवटपर्यंत ठेवायचे नाहीत, मैदान मोकळं असताना आधी निपटायचे. शेवटी एक बॉल मधल्या पॉकेटकडे ४५ अंशांतून, मुद्दाम पलीकडच्या भिंतीवर. तो पडला तर मधलं पॉकेट हिशेबात धरायचं. नाही पडला तर त्या दिवसापुरतं टेबलला चारच पॉकेटं आहेत असं मानून खेळायचं.